घर बांधताना : जुन्या घराकडून काय घ्यायचं, काय सोडायचं

या महिन्याच्या टपालात जुन्या वळणाच्या घरांविषयीची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. बहुतेकांना हवंय ते साधारण एकच: गावाकडच्या घरासारखं गार, मातीच्या जवळचं, पण शहरातून आलेल्या सुनेला आणि गुडघे दुखणाऱ्या सासऱ्याला दोघांनाही सोसेल असं घर. पत्रांत जुन्या घराचे फोटो आहेत, इंटरनेटवरची चित्रं आहेत. पाऊस किती पडतो, माती कसली आहे, वारा कुठून येतो हे मात्र फार थोड्यांनी लिहिलंय. पुढच्या वेळी फोटो एक कमी पाठवा आणि हे तेवढं लिहा.

आजोबांचं जांभ्याचं घर राजापूर तालुक्यात आहे. गेल्या पावसात पडवीचा भाग बसला. निवृत्तीनंतर मी तिथे जुन्यासारखंच कौलारू घर बांधणार आहे. धाकटा भाऊ म्हणतो, वानरं एका दुपारी कौलांची वाट लावतात, सरळ स्लॅब टाक. काय करावं? शिवाय चांगला चिरा, म्हणजे जांभ्याचा कापीव दगड, कसा ओळखायचा? – एक वाचक, मुंबई

वानरांबद्दल भाऊ खरं बोलतोय. स्लॅबबद्दल नाही.

तुमच्याच वाडीत फिरून बघा. गेल्या वीसेक वर्षांत ज्यांनी सपाट स्लॅब टाकले, त्यातल्या कितीजणांनी त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातलेत ते मोजा. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो तिथे सपाट छपराला पाणी मुरवण्याशिवाय दुसरं काम उरत नाही. म्हणजे आधी स्लॅबचे पैसे, मग गळती थांबवायचे, मग पत्र्याचे. एका घराला दोन छपरं आणि वर तापलेल्या पत्र्याखालचा पोटमाळा, ज्यात कुणी पाऊल टाकत नाही. त्यापेक्षा पहिल्यापासून उताराचं छप्पर करा. उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा, पाखी दोन्ही बाजूंना भिंतीबाहेर निदान अडीच-तीन फूट काढा. जांभा पाणी पितो. नैर्ऋत्येकडून झड येते ती भिंतीवर बसू द्यायची नाही, यासाठी तर पडवी होती. बसायला जागा हा तिचा वरचा फायदा. तुमच्या जुन्या घराची पडवी कोणत्या बाजूंना आहे ते पाहा, पावसाचा नकाशाच आहे तो. नव्या घरात पडवीची खोली करून टाकायचा मोह होईल. पश्चिम आणि दक्षिण बाजूला तरी तो आवरा.

आता वानरं. कौल फोडणारं वानर आकाशातून पडत नाही, फांदीवरून येतं. छपराच्या दहा-बारा फुटांत आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या काढाव्याच लागतील. त्याला माझ्याकडे गोड पर्याय नाही. दुसरं, रिपांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, थेट कौलं न घालता आधी पत्रा, त्यावर रिपा, त्यावर मंगलोरी कौलं अशी रचना करा. पाणी अडवायचं काम पत्रा करतो, ऊन आणि पावसाचा आवाज अडवायचं काम कौल करतं, मधल्या फटीतून हवा खेळते. चार कौलं फुटली तरी माजघरात परात मांडावी लागत नाही, सवडीने बदलता येतात. कडेची आणि आढ्याजवळची कौलं तारेने किंवा स्क्रूने बांधून घ्या, वानर तिथूनच उचकटायला सुरुवात करतं. आणि घेतानाच जास्तीची शे-दीडशे कौलं त्याच कारखान्याची घेऊन गोठ्यात रचून ठेवा. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा असतो. पाच वर्षांनी दुसऱ्याचं कौल आणलंत तर खाच खाचेत बसत नाही आणि नेमकं तिथेच गळतं.

काही जण म्हणतील, पत्र्यावर कौल ही फसवणूक झाली, जुनं घर असं नव्हतं. त्यांना विचारा, मंगलोरी कौल तरी कुठे पुरातन आहे? मंगळूरला बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५मध्ये. त्याआधी कोकणात नळीची कौलं होती, गरिबाकडे गवत होतं. यंत्रावर दाबलेलं, खाचेत बसणारं, दरवर्षी परतावं न लागणारं कौल आलं तेव्हा आपल्या पणजोबांनी नळीची कौलं उतरवून ते घेतलं. त्यांना शाकारणीतून सुटका हवी होती आणि ती मिळाली.

वाऱ्याकडे मात्र जुन्या घरापेक्षा जास्त लक्ष द्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं तर उडालीच, पण कितीतरी ठिकाणी पत्रे सांगाड्यासकट गेले. छप्पर भिंतीवर नुसतं ठेवलेलं नको, जखडलेलं हवं. भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीट पट्टा घाला आणि वासे किंवा लोखंडी कैच्या त्यात पुरलेल्या बोल्टला आवळा.

चिऱ्याचं सांगते. खाणीवर स्वतः जा, ट्रक दारात आल्यावर उपयोग नाही. चिऱ्यावर पांढऱ्या-पिवळ्या मऊ मातीचे डाग जितके जास्त, तितका तो कच्चा. खाण जसजशी खोल जाते तसा जांभा मातकट होत जातो, म्हणून चिरे कोणत्या थरातले हे विचारायला लाजू नका. दोन चिरे एकमेकांवर आपटा. आवाज भरीव यायला हवा, बद्द नको. ओला चिरा नखाने खरवडला जातो, तो हवेवर कडक होत जातो, म्हणून शक्य असेल तर एक पावसाळा उघड्यावर ठेवून मग वापरा. जे त्या पावसात झिजतील ते तिथेच बाजूला काढता येतात.

आणि सगळ्यात आधी: जुनं घर जेसीबीने पाडू नका. हाताने उतरवा. आजोबांचे चिरे इतकी वर्षं हवा खाऊन पक्के झालेत, नवीन खाणीतून तसे मिळणार नाहीत. वासे फणसाचे, ऐनाचे किंवा किंजळीचे असतील तर टोकं तेवढी कुजलेली असतात, मधला भाग बहुधा ठणठणीत निघतो. टोकं कापून तेच लाकूड पडवीच्या छोट्या गाळ्याला पुरतं.

माझं माहेर लातूर जिल्ह्यात. आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर किल्लारीच्या भूकंपात गेलं, माणसं वाचली. नंतर बांधलेलं स्लॅबचं घर मे महिन्यात भट्टी होतं. भाऊ आता नवीन बांधतोय. मला वाटतं माती-दगडाचं बांधावं, पण आई ‘माती’ म्हटलं की उठून जाते. तिला कसं समजवावं? – एक वाचक, पुणे

ताई, आईंना समजवायला जाऊ नका. त्यांनी जे पाहिलं त्यापुढे तुमची-माझी पुस्तकं फिकी आहेत. तुम्हाला माळवदाचा गारवा हवा आहे आणि त्यांना माळवदाचं ओझं नको आहे. हे दोन्ही एका घरात जमतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्री माणसं दमून झोपलेली असताना ६.२च्या आसपासचा भूकंप झाला. मेलेल्यांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात जातो. तीव्रतेच्या मानाने तो फार मोठा आहे आणि त्यातला मोठा वाटा घरांच्या बांधणीचा आहे. दोष नेमका कुठे होता ते पाहू.

एक, छप्पर. माळवदावर पाणी मुरू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, हा दरवर्षीचा रिवाज. जुना थर मात्र कुणी काढत नसे. असं करता करता माती दीड-दोन फुटांवर गेली. दीड फुटाचा हिशेब करू: एका चौरस मीटरवर सुमारे सातशे किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेसहा टनांहून जास्त. हे सगळं झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर.

दोन, भिंत. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत म्हणजे भक्कम, असं सगळ्यांना वाटायचं. पण ती एक भिंत नव्हतीच. आतून एक दगडी पदर, बाहेरून एक, मधे गोटे आणि माती. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा लांब दगड घातलेला नव्हता. हादरा बसला की पदर सुटे होऊन एक आत आणि एक बाहेर कोसळला.

आता हे बघा: ज्या घरांत माळवदाचं ओझं भिंतीवर नव्हतं, लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होतं आणि लाकूड शाबूत होतं, त्यातल्या काही घरांच्या भिंती पडल्या पण सांगाडा उभा राहिला. तेव्हा ‘मातीने मारलं’ हे अर्धंच खरं आहे. वजन वर चढत गेलं आणि भिंत आतून फुटकी होती, त्याने मारलं. हे आईंना सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर राहू द्या.

भावाने काय करावं? घराचा आराखडा साधा आयताकृती ठेवावा. भिंतीला जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या आणि छपराच्या पातळीवर सळईचा सलग पट्टा, कोपऱ्यांत उभी सळई, आणि खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब. दगडी भिंत बांधायची असेल तर जाडी दीड फुटाच्या वर नको. दर दोन फूट उंचीला आणि आडवे दर चार फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड हवा. गवंडी ‘टाकतो की’ म्हणेल. त्या दगडांच्या टोकांना गेरूची खूण करायला सांगा. दोन्ही बाजूंनी खूण दिसली तरच मजुरी.

दगड नको असेल तर दाबलेल्या मातीच्या विटा. यात पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट मिसळतात, यंत्रात दाबतात, भट्टीत भाजत नाहीत, तीन-चार आठवडे ओल्या ठेवतात. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये अशा विटांच्या मजल्यांवर मजले चढवलेत. पण शेतातली काळी माती यासाठी चालणार नाही, ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वाळू जास्त, चिकणमाती बेताची अशी माती लागते. घरच्या घरी पाहायचं तर काचेची बरणी अर्धी मातीने भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ अर्ध्या-एक तासात, चिकणमातीला रात्र लागते. सकाळी थर मोजा. निम्म्याहून जास्त वाळू आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास चिकणमाती असेल तर काम होण्यासारखं आहे. पक्का निकाल प्रयोगशाळेकडूनच घ्या. काळ्या मातीवर घर उभं करायचं असेल तर पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय जोतं बांधू नका, हे वेगळं सांगायला नको.

राहिला गारवा. लातूरला मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ नसतंच, सगळं छपरावर असतं. म्हणून स्लॅबचं घर तापतं ते वरून. माळवदाची जाड माती दुपारचं ऊन पोटात धरायची आणि ते खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची. तोवर घरातली माणसं माळवदावर पथारी टाकून चांदण्यात झोपलेली असायची, खाली तापेना का.

हे काम आता हलक्या छपराकडून करून घ्यायचं. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला फिलर स्लॅब इथे बरा. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट काही भार घेत नाही, नुसतं वजन असतं. त्या जागी सळयांच्या चौकटीत पालथी मडकी किंवा जुनी कौलं मांडतात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, मधल्या पोकळीने उष्णता अडते. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा दर उन्हाळ्यात चुन्याचा जाड हात. दहा बाय दहाच्या खोलीवर हे ओझं अडीच-पावणेतीन टनांवर येतं. सळई किती आणि कुठे हे स्ट्रक्चरल इंजिनियरच ठरवील, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. गच्चीवर जायला जिना बाहेरून आणि रुंद ठेवा. आईंना रात्री वर झोपता आलं पाहिजे, आणि पुन्हा कधी जमीन हललीच तर पटकन अंगणात येता आलं पाहिजे.

आमच्या आर्किटेक्टने ‘इको-फ्रेंडली फार्महाउस’ काढून दिलंय. पश्चिमेला सबंध काचेची भिंत, कारण तिकडे डोंगर दिसतो. दर्शनी भागाला जांभ्याच्या टाइल्स. तुमचं मत? – एक वाचक, ठाणे

डोंगर पाहायला अंगणात खुर्ची टाका. पश्चिमेच्या काचेमागे एसी लावून जे घर पर्यावरणाचं नाव घेतं त्याविषयी मला बोलवत नाही. जांभ्याच्या पातळ चकत्या सिमेंटने विटेवर चिकटवल्या की जांभ्याचा खर्च होतो, गुण एकही मिळत नाही. त्या पैशात पश्चिमेला चांगली पाच-सहा फुटी पडवी होईल.

सोलापुरात तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे. वाड्यासारखा चौक हवाय. सगळे म्हणतात जागा वाया जाईल. – एक वाचक, सोलापूर

नाही जाणार, पण चौक लहान ठेवा आणि त्याला कामाला लावा. कडेची जागा नियमाप्रमाणे सोडून जे उरतं त्यात आठ बाय आठचा चौक बसतो. रुंदी भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त नको. मग ऊन फक्त भर दुपारी थोडा वेळ तळाला पोचतं, बाकी दिवस सावली. रात्री छपरावरची गार झालेली जड हवा या खड्ड्यात उतरते आणि खोल्यांत शिरते.

यासाठी प्रत्येक खोलीला चौकाकडे एक आणि बाहेर एक अशी समोरासमोर दारं-खिडक्या हव्यात. आणि घर वापरायची जुनी शिस्त पाळायला हवी: उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद, दिवस मावळला की सताड उघड्या. हल्ली ‘हवा यावी’ म्हणून लोक एप्रिलच्या दुपारी खिडक्या उघडून बसतात आणि बाहेरची बेचाळीस अंशांची हवा घरात घेतात. कोकणात उलट आहे. तिथे घाम वाळायला वारा लागतो, तिथे दिवसभर उघडंच बरं. सोलापूरकरांनी कोकणातल्या घराचे फोटो पाहून खिडक्या ठरवू नयेत.

जिना, कोठीची खोली, न्हाणीघर हे सगळं पश्चिमेच्या भिंतीला लावा. तिथे कुणी दुपारी बसत नाही, तापलं तर तापू द्या. चौकाला तळाशी उतार आणि निचऱ्याची मोठी मोरी हवी, पाचोळा अडकणार नाही अशी. वर लोखंडी जाळी चोरासाठी, बारीक जाळी डासांसाठी. फक्त पावसाला घाबरून पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे घालू नका. सोलापूर-पुण्यातल्या कितीतरी नव्या ‘चौकां’ची त्या पत्र्याने भट्टी झालेली मी पाहिली आहे. उष्ण हवा वर जाऊन तिथेच अडकते. चौक चौक राहिला पाहिजे, थोडं भिजलं तर पुसा.

मातीच्या भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा आहे. गवंडी म्हणतो, चुना कुणी वापरत नाही, सिमेंट मारू, मजबूत होईल. शिवाय बाथरूम आत घ्यायचं की नाही? – एक वाचक, जुन्नर तालुका

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कधीही नको. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटचं कातडं ती ओल आत कोंडतं, भिंत आतून मऊ पडते आणि दोन-तीन पावसांत गिलाव्याचे पापुद्रे अख्खेच्या अख्खे सुटतात. मातीला मातीचा गिलावा, वरून चुना, हेच तिचं औषध.

गवंड्याची अडचण खरी आहे, त्याला रागावू नका. सिमेंट सकाळी लावलं की संध्याकाळी धरतं, मजुरी सुटते. चुन्याला वेळ लागतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आठवडे-महिने घट्ट होत राहतो. कळीचा चुना आणून काम सुरू करायच्या बऱ्याच आधी पाण्यात विरवून ठेवावा लागतो, जितका जुना तितका लोण्यासारखा. विरवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, मुलं लांब. एक भाग चुना, तीन भाग वाळू. पावसाच्या माऱ्याची बाजू असेल तर थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घातली की पाण्याला टिकतो. पातळ थर द्या, भर उन्हात लावू नका, लावल्यावर गोणपाट भिजवून टांगा. जुने लोक गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालत. घालायला हरकत नाही, पण त्याने निष्काळजी काम सुधारत नाही.

गवंडी मुळीच तयार नसेल तर विटेच्या किंवा दगडाच्या भिंतींसाठी तडजोड आहे: एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. हा माल त्याच्या हाताला सिमेंटसारखा वाटेल आणि भिंतीला पुष्कळ सोसेल. मातीच्या भिंतीला ही तडजोड नाही. चुनाही भट्टीतूनच येतो, त्यामुळे तो वापरला की आपण अगदी पुण्यवान असं काही नाही. पण जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सुमारे आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, तेव्हा जिथे गरज नाही तिथे ते न वापरणं एवढं आपल्या हातात आहे.

बाथरूम आत घ्या. रात्री अंगण ओलांडून जायची हौस साठीनंतर उरत नाही. पण ओल्या जागा सगळ्या एका बाजूला, शक्यतो मागच्या पडवीच्या ओळीत, विटेच्या किंवा दगडाच्या वेगळ्या गाळ्यात घ्या. नळाची एकही पाइप मातीच्या भिंतीतून नको. गळती झाली तर मातीच्या भिंतीत ती दिसेपर्यंत भिंत गेलेली असते. न्हाणीचं पाणी केळी-अळूला सोडायची जुनी पद्धत उत्तम, मात्र संडासाचं त्यात मिसळू नका.

फ्लॅटमध्ये शेणाने सारवलेली जमीन करता येईल का? – एक वाचक, नाशिक

येईल, आठवड्याला सारवणार असाल तर. नसाल तर तांबडी फरशी लावा आणि अनवाणी चाला.

आमच्याकडे आटपाडी भागात पाऊस जेमतेम वीस इंच. छपरावरचं पाणी साठवून घर चालेल का? बायको म्हणते उगाच खड्ड्यात पैसे घालू नका. – एक वाचक, सांगली जिल्हा

वहिनींना हा हिशेब दाखवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर शंभर चौरस मीटर धरू, पाऊस पाचशे मिलिमीटर. म्हणजे पन्नास हजार लिटर, त्यातलं वाहून-उडून जाऊन हाती येईल चाळीस हजार. चार माणसांनी सगळ्या कामांना मिळून माणशी रोज पंचावन्न लिटर वापरलं तर हे सहा महिने पुरतं. वर्षभर नाही. म्हणून धुण्या-भांड्यांना आड किंवा नळ राहू द्या आणि छपराचं पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकाला ठेवा. त्याला चौघांना मिळून दिवसाला चाळीस लिटर भरपूर झालं, वर्षाला साडेचौदा हजार. पंधरा हजार लिटरची टाकी म्हणजे तीन मीटर लांब, अडीच रुंद, दोन खोल. एवढ्या खड्ड्यात मे महिन्यातला टँकरपुढचा हंडा सुटतो. वहिनींना हे पटेल असं वाटतं, हंडा त्याच धरत असतील. कोकणातल्या वाचकांनीही हा हिशेब करून पाहावा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात. तिथे याच छपराखाली पन्नास हजार लिटरची टाकी बांधली तर माणशी पंचावन्न लिटरने पावसाळ्याबाहेरचे आठ महिने जवळजवळ पूर्ण निघतात.

टाकीला प्रकाश अजिबात लागू देऊ नका, शेवाळ धरतं. झाकण घट्ट, हवेच्या नळीला बारीक जाळी, आणि पाणी काढायला हातपंप किंवा नळ. बादली बुडवायची नाही. पन्हळ पावसाळ्याआधी साफ करायची. सिमेंटचे जुने अॅस्बेस्टॉस पत्रे छपराला असतील तर त्यावरचं पाणी पिण्याला घेऊ नका. पहिल्या सरीत छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण उतरते. ते पहिले दोनशे लिटर टाकीत जाऊ न देता वळवण्यासाठी पन्हळीखाली एक उभा जाड पाइप बसवा, तळाला बुच असलेला, आणि त्याच्या शेजारी एक जुना ड्रम जोडा. दोन्ही भरले की मगच पाणी पुढे टाकीत जातं. पाऊस थांबल्यावर बुच काढून ते पाणी झाडांना सोडायचं आणि बुच परत लावायचं. हे काम घरात नेमकं कुणाचं, ते आधीच ठरवून ठेवा.